१०८ ची गाडी येईपर्यंत आणि आल्यावर : कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूर जिल्ह्यात रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करतो. तालमींत, दूध संस्थांत, कारखान्यांच्या आवारात आम्ही प्रशिक्षणं देतो, तिथे लोक तेच तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न बरोबर असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं: रुग्ण आधी नीट बघायचा, मग उचलायचा. आपल्याकडे माणसं मदतीला धावतात, जीव तोडून धावतात; पण बघण्याआधी उचलतात आणि तिथेच नुकसान होतं.

१०८ ला फोन लावला की पलीकडून प्रश्नच प्रश्न. तेवढ्या वेळात गाडी आली असती की!

पहिला प्रश्न ठिकाणाचा असतो आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. फोन उचलणारी व्यक्ती तुमच्या चौकात बसलेली नसते, ती अख्ख्या राज्याचे फोन घेत असते. तुम्ही नुसतं “मलकापूर” म्हणालात तर शाहूवाडीचं, कराडजवळचं की बुलढाण्याचं, हे तिला कसं कळणार? म्हणून जिल्हा, तालुका, गाव, मग फाटा किंवा खूण, या क्रमाने सांगा. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड वाचून सांगा आणि गाडी पुण्याच्या अंगाला की कागलच्या अंगाला, तेही सांगा.

पुढचे प्रश्न रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, रक्त वाहतंय का, असे असतात. २०१४ साली राज्यात ही सेवा सुरू झाली तेव्हापासून गाड्या दोन तऱ्हेच्या आहेत. काहींत व्हेंटिलेटर, हृदयाला झटका देणारं यंत्र अशी जास्तीची साधनं असतात, बाकीच्यांत प्राथमिक साधनं. कुठली पाठवायची, ते तुमच्या उत्तरांवर ठरतं. डॉक्टर मात्र दोन्हींत असतो. फोन कट करू नका आणि त्याच नंबरवरून दुसऱ्याला फोन लावत बसू नका, कारण गाडीवरचा पायलट, म्हणजे चालक, तुम्हाला त्याच नंबरवर रस्ता विचारणार असतो.

गाडी पोहोचली तरी डॉक्टर बघतच उभे राहतात. लगेच उचलत का नाहीत?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो. ते “बघणं” म्हणजे काय, ते सविस्तर सांगतो.

गळीत हंगामातली रात्र धरा. शिरोळच्या बाजूला ऊस भरलेली डबल ट्रॉली रस्त्याकडेला बंद पडलेली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोटारसायकल मागून आदळलेली, त्यावर दोघं. गर्दी एकाभोवती, कारण त्याचं तोंड रक्ताने माखलंय आणि तो “आई गं” म्हणून ओरडतोय. दुसरा गटारीच्या कडेला शांत पडलाय आणि त्याच्याजवळ कुणीच नाही. आम्ही आधी शांत पडलेल्याकडे जातो. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे तोच ओरडून सांगतोय.

तिथे पोहोचायच्या आधीही काही गोष्टी बघायच्या असतात. मागून दुसरं वाहन येऊन आपल्यालाच उडवेल का? पेट्रोल सांडलंय का? विजेची तार लोंबतेय का? जखमी एकूण किती? मोटारसायकलचं हँडल वाकलंय का? हँडल पोटात घुसलं असेल, तर बाहेर खरचटलेलंही नसताना प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं.

मग रुग्णाजवळ बसायचं आणि ठरलेल्या क्रमाने जायचं. भळाभळा वाहणारं रक्त असेल तर सगळ्यात आधी ते दाबायचं. नंतर श्वासाची वाट: घोरल्यासारखा किंवा गुळगुळ आवाज येत असेल तर जीभ मागे पडलीय किंवा तोंडात रक्त साचलंय. मानेला मार असण्याची शक्यता असते म्हणून डोकं मागे न वाकवता जबडा पुढे उचलायचा आणि रक्त मशीनने ओढून घ्यायचं. मग छाती: दोन्ही बाजू सारख्या हलतात का, श्वास मिनिटाला किती, ऑक्सिजन किती. त्यानंतर नाडी, हातापायाचा गारठा आणि नखाचा रंग. नख दाबून सोडल्यावर २ सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. मग मेंदू: हाक मारल्यावर डोळे उघडतो का, की चिमटा घेतल्यावरच, की मुळीच नाही, बाहुल्या दोन्हीकडे सारख्या आहेत का. शेवटी कपडे कापून पाठीसकट सगळं अंग बघायचं आणि लगेच पांघरायचं, कारण रक्त गेलेल्या माणसाचं अंग गार पडलं की रक्त गोठत नाही.

सरावलेल्या हाताला हे सगळं करायला दीड-दोन मिनिटं लागतात. या क्रमात जिथे बिघाड सापडतो तिथेच तो आधी दुरुस्त करायचा, पुढे जायचं नाही. पायाचं हाड मोडून बाहेर आलेलं दिसतं म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. पण श्वासाची वाट बंद असेल तर तो पाय बघायला रुग्ण उरत नाही.

बीपी १२० आहे, तरी “सिरीयस आहे” म्हणतात. असं कसं?

तरुण माणसाचं शरीर रक्त कमी झालं तरी बराच वेळ बीपी धरून ठेवतं. नाडी जोरात पळवतं, हातापायाच्या नळ्या आवळून घेतं आणि मेंदू-हृदयाकडे रक्त वळवतं. म्हणून आधी नाडी १२० वर जाते, तळहात गार आणि ओले होतात, माणूस बेचैन होतो, पाणी मागतो. बीपी कोसळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. उलट सत्तरीचे आजोबा, ज्यांचं बीपी नेहमी १६० असतं, त्यांना ११० हा आकडा वाईट असू शकतो. बीपीच्या काही गोळ्यांमुळे त्यांची नाडीही वाढत नाही. म्हणून “रोजच्या गोळ्या कुठल्या?” हा आमचा प्रश्न टाळू नका.

आकड्यांमध्ये सगळ्यात दुर्लक्षित आकडा श्वासाचा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. तो ३० च्या घरात असेल, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी मी त्या माणसाला घरी ठेवायला सांगणार नाही. शिवाय एकदा घेतलेला आकडा पुरत नाही. गाडीत आम्ही दर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजतो, कारण रुग्ण सुधारतोय की घसरतोय ते दोन आकड्यांमधल्या फरकावरूनच कळतं.

अपघातातल्या माणसाला पाणी पाजायचं का? हेल्मेट काढायचं का?

पाणी नाही. शुद्ध हरपली तर ते फुप्फुसात जातं, आणि ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. ओठ ओले करा, तेवढं पुरे.

हेल्मेट असू द्या, जोवर श्वास नीट चालू आहे आणि उलटी होत नाही. श्वास अडत असेल तर काढावंच लागतं, पण दोघांनी. एकाने खालून मान आणि जबडा धरून स्थिर ठेवायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट दोन्ही बाजूंनी थोडं फाकवत वर ओढायचं. दोन हात, दोन पाय धरून झोळीसारखं उचलून वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या, जीपमध्ये कोंबणं मात्र बंद झालं पाहिजे. मणक्याला तडा गेलेला माणूस त्या एका उचलण्यात जन्माचा पांगळा होऊ शकतो. आग, पाणी किंवा अंगावर येणारी वाहनं असा धोका असेल तरच ओढा. तेव्हा काखेत हात घालून, अंग सरळ रेषेत ठेवून.

रक्त थांबत नसेल तर? हळद, कॉफी पूड?

काहीही भरू नका. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने पूर्ण वजन टाकून दाबा आणि दर मिनिटाला उचलून “थांबलं का” बघू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. पोटात किंवा मांडीत सळई, विळा, काच घुसलेली असेल तर ओढून काढू नका. तीच वस्तू आत रक्त अडवून धरत असते.

हात किंवा पाय यंत्रात सापडला असेल आणि दाबूनही रक्त उसळत असेल, तर जखमेच्या चार बोटं वर रुंद पट्टी आवळायची. सांध्यावर नाही. दोरी, वायर, सुतळी नको. ओढणीची किंवा पंच्याची रुंद घडी घ्या, गाठीत काठी घालून पिळा, रक्त थांबेपर्यंत. किती वाजता बांधली ते लिहून ठेवा. दोन तासांच्या आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचायचं असतं, म्हणून ती वेळ फार महत्त्वाची. एकदा बांधल्यावर मध्येच सैल करून बघायचं नाही.

आमच्याकडून होणारा उपचार सांगायचा तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे इंजेक्शन मार लागल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. ३ तासांनंतर त्याचा उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो. सलाईन मात्र आम्ही हात राखून लावतो. “अजून दोन बाटल्या चढवा की” असं नातेवाईक म्हणतात, पण पाण्याने रक्त पातळ होतं आणि जोर वाढला की जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निसटते. डोक्याला मार असेल तर हिशेब वेगळा. तिथे बीपी खाली जाऊ देत नाही.

छातीत दुखतंय, पण गॅसच असेल. थांबून बघावं का?

नाही. भुदरगडच्या एका वाडीतल्या आजी आठवतात. दुपारपासून “पित्त झालंय” म्हणून आलं-लिंबू घेत बसलेल्या. छातीत दुखत नव्हतंच म्हणे, फक्त जबडा जड झालेला आणि जीव घाबरा. पण पोलकं घामाने पाठीला चिकटलेलं होतं, तेही थंडीच्या दिवसांत. ईसीजी काढला, झटका स्पष्ट दिसत होता. बायकांमध्ये, मधुमेह असलेल्यांत आणि म्हाताऱ्यांत हार्ट ॲटॅक पुष्कळदा असाच, चोरपावलाने येतो. धाप, गार घाम, जबडा किंवा डाव्या हाताची कळ, बेंबीच्या वर जळजळ यांपैकी काही अचानक आलं आणि १०-१५ मिनिटांत गेलं नाही, तर १०८ लावा.

तोवर काय? बसवा, चालवू नका, जिना उतरवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात अल्सरचा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. गिळली तर उशिरा लागू पडते. सॉर्बिट्रेट ही हृदयाची गोळी मात्र शेजाऱ्याच्या डबीतून काढून जिभेखाली ठेवू नका. बीपी आधीच कमी असेल, किंवा झटका हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल, तर त्या एका गोळीने माणूस तिथेच कोसळतो.

आम्ही पोहोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी काढायचा असतो. ऑक्सिजन सरसकट लावत नाही. तो ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच. “मास्क लावला नाही, लक्ष दिलं नाही” असा गैरसमज होऊ नये म्हणून हे लिहितोय.

माणूस कोसळला आणि श्वास दिसत नाही. नक्की काय करायचं?

खांदे हलवून हाक मारा. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, तर छाती दाबायला लागा. मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तशी अधूनमधून येणारी आचक म्हणजे श्वास नव्हे. या एका गोष्टीमुळे “श्वास चालू आहे” म्हणून किती तरी जण हात लावत नाहीत.

जमिनीवर पाठीवर झोपवा, गादीवर नको. छातीच्या मध्यावर तळहाताची टाच, वर दुसरा हात, कोपर ताठ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हे नीट केलं तर दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून माणूस बदला. तालमीतल्या पोरांना मी सांगतो, इथे जोरापेक्षा ताल महत्त्वाचा. बरगडी मोडल्यासारखा आवाज आला तरी थांबू नका. तोंडाने श्वास द्यायचं शिकला असाल तर ३० दाबांनंतर दोन श्वास. शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा, गाडी येईपर्यंत.

तोंड वाकडं झालंय. सकाळपर्यंत बघू का? गावात लकव्याचं औषध देणारे आहेत.

हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात खाली पडला किंवा बोबडी वळली, तर मेंदूची नळी बंद झालीय किंवा फुटलीय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन काढावाच लागतो. म्हणून रुग्ण सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच न्यायचा.

साडेचार तास मोजायला सुरुवात कुठून? लक्षण कुणाच्या लक्षात आलं तिथून नव्हे, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून. रात्री दहाला जेवून झोपलेला पहाटे पाचला वाकडा सापडला, तर आमच्या लेखी वेळ रात्री दहाची. कोण शेवटचं बोललं होतं त्याला गाडीत बसवा. ॲस्पिरिन देऊ नका, कारण रक्तस्राव असू शकतो. पाणी, चहा, औषध काहीच तोंडावाटे नको. आम्ही सर्वांत आधी बोटातून साखर तपासतो, कारण साखर घसरली की हुबेहूब लकव्यासारखंच दिसतं. कबुतराचं रक्त चोळण्यात, धागा बांधण्यात गेलेले ते तास पुन्हा मिळत नाहीत, हे मी हात जोडून सांगतो.

साप चावला तर?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पावसाळ्यात रोजचा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारांविरुद्ध आपल्याकडचं प्रतिविष चालतं. राधानगरी, गगनबावडा, आजरा पट्ट्यात झाडाझुडपांवर दिसणारा हिरवट चापडा त्यात येत नाही. त्याच्यासाठी ते लागू पडत नाही आणि सहसा लागतही नाही. सूज आणि वेदनेवर उपचार करतात.

चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा पट्टीला किंवा काठीला सैलसर बांधून हलू देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, करगोटा काढा, सूज आल्यावर ते रुततात. रुग्णाला चालवू नका. आवळपट्टी नको, ब्लेडने चिरणं नको, चोखणं नको, मिरच्या खायला घालून “तिखट लागतं का” बघणं नको. साप मारून आणायची गरज नाही. त्या नादात दुसरा चावून घेतलेले लोक येतात. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाहीतर सोडा.

मण्यारीबद्दल दोन शब्द जास्त, कारण तिथे फसगत होते. ती रात्री, जमिनीवर अंथरूण घालून झोपलेल्याला चावते. दाताची खूण दिसत नाही, सूज नाही, दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, मग पापण्या जड होतात. घरचे अजीर्ण समजतात. रानालगतच्या घरात झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी मिटू लागल्या, तर सर्पदंशच समजा. पुढे श्वासाचे स्नायू थकतात, तेव्हा आम्ही फुग्याने श्वास देत देत नेतो. अशा वेळी रुग्ण मेल्यासारखा दिसतो, बाहुल्याही हलत नाहीत, पण त्याला सगळं ऐकू येत असतं. श्वास देत राहिलं तर तो चालत घरी जातो. तेव्हा गाडीत रडारड करून “गेला” म्हणू नका.

घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. म्हणून दवाखान्यात काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर प्रतिविष सुरू. साधारण १० कुप्यांपासून. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण सापाने विष वजन बघून घातलेलं नसतं. “एवढ्याशा पोराला एवढं इंजेक्शन?” असं म्हणून अडवू नका.

विंचू?

लाल विंचू धोक्याचा, मुलांना जास्त. घाम, उलट्या, हातपाय गार आणि धाप ही लक्षणं दिसली तर थांबू नका. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली आणि मृत्यू कितीतरी कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, झोपवून द्यायची असते.

गुऱ्हाळात भाजलं तर?

काहिलीतला उकळता रस किंवा काकवी पाण्यापेक्षा जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटून राहते, त्यामुळे भाजणं खोल होतं. चिकटलेला गूळ ओरबाडू नका. त्यासोबत कातडी येते. वाहतं साधं पाणी २० मिनिटं घाला, घड्याळ लावून. अपघातानंतर ३ तासांपर्यंत हा उपाय उपयोगी आहे. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, तेल, चुना नको. नंतर ते खरवडताना होणाऱ्या वेदना मी बघितल्यात. अंगठ्या काढा, स्वच्छ ओढणीने सैल झाका. बोटांसकट रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. असे किती तळहात भाजलेत ते फोनवर सांगितलंत तर आम्हाला फार मदत होते. चेहरा भाजला असेल, नाकातले केस जळाले असतील, आवाज बसला असेल, तर घसा आतून सुजतोय. तो रुग्ण सगळ्यांत आधी.

फवारणीचं औषध प्यायलंय. मीठ-पाणी पाजून उलटी काढू का?

नको. उलटी फुप्फुसात गेली की दुसरं संकट उभं राहतं. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, तुमच्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. डाव्या कुशीवर झोपवा. डबा किंवा लेबल सोबत द्या, कारण तणनाशक आणि कीटकनाशक यांचे उपचार निराळे.

तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर, असं असेल तर ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात. एक ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचा असतो; सुरुवातीलाच तीन ते पाच लागतात आणि छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करतात. रुग्ण वाचला की घरच्यांनी त्याला टोचून बोलू नये, एवढी विनंती. मनात असे विचार येणाऱ्या कुणालाही १४४१६ या टेलि-मानस नंबरवर विनामूल्य बोलता येतं.

फिट आली तर चप्पल, कांदा?

काहीच नाही. तोंडात चमचाही नाही. आजूबाजूचं सामान सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, झटके थांबले की कुशीवर करा. घड्याळ बघा: पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर १०८. गरोदर बाईला आलेली फिट कितीही छोटी असो, लगेच.

साखर घसरली तर?

७० च्या खाली आणि शुद्धीवर: तीन-चार चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, आम्ही शिरेतून ग्लुकोज देतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम दिवसभर राहतो, म्हणून “आता बरं वाटतंय” म्हणून गाडी परत पाठवू नका.

पंचगंगेत बुडालेल्याला उलटं करून पाणी काढायचं ना?

नाही. पोट दाबलं की पाणी आणि अन्न घशात येतं आणि श्वासाची वाट बंद होते. इथे हवेची टंचाई हाच आजार आहे, म्हणून आधी पाच श्वास द्या, मग छाती दाबायला लागा. नुसता खोकत असलेला, चालत-बोलत असलेला मुलगाही दवाखान्यात दाखवायचा. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

पोहता येत नसेल तर उडी मारू नका. दोरी, ट्यूब, रिकामा बंद कॅन फेका. असाच नियम जुन्या विहिरीला आणि गोबरगॅसच्या टाकीला: आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे कुणी उतरू नये. एकामागून एक उतरून एकाच घरातली माणसं गेल्याच्या घटना घडतात. १०१ ला, म्हणजे अग्निशमन दलाला, फोन करा.

पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून लोक हात लावत नाहीत. खरं काय?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच या संरक्षणाला बळ दिलं होतं. १९८९ च्या परमानंद कटारा निकालानुसार तर कुठल्याही डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला केंद्राच्या राहवीर योजनेत २५ हजार रुपये आहेत. रस्ते अपघातातल्या जखमींना नेमलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत विनारोख उपचाराची योजना २०२५ पासून आहे. “आधी पैसे भरा” असं कुणी म्हणालं तर या योजनेचं नाव घ्या.

जवळचा दवाखाना सोडून लांब का नेता?

कारण जवळ असणं आणि सोय असणं वेगळं. डोक्याला मार असेल तर सीटी आणि न्यूरोसर्जन लागतो, तो प्रत्येक तालुक्यात नसतो. म्हणून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, किंवा तशी सोय असलेल्या दुसऱ्या ठिकाणी नेतो. पण श्वासाची वाट आमच्याने राखली जात नसेल, तर जवळात जवळचं दार. गगनबावड्याहून येताना आम्ही वाटेतच फोन करून ठेवतो: वय, काय घडलं, काय सापडलं, काय दिलं, किती वेळात पोहोचतोय. तो फोन झाला असेल तर रुग्ण पोहोचतो तेव्हा टेबल तयार असतं.

पुरात हिशेब बदलतो. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. डायलिसिसचे रुग्ण आणि दिवस भरलेल्या बायका यांना पाणी चढायच्या आधीच शहरात किंवा पाण्यापलीकडच्या नातेवाइकांकडे हलवा. गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे.

सोबत किती जणांनी यायचं?

एकाने. ज्याला आजार आणि गोळ्या माहीत आहेत त्याने. गोळ्यांची पिशवी, जुनी फाईल आणि आधारकार्ड घ्या. गाडीमागे मोटारसायकलींचा ताफा नको. सायरनच्या मागे पळताना अपघात होतात.

गाडीला यायला अर्धा तास लागतो. गाव म्हणून काय करता येईल?

पुष्कळ. मंडळाच्या वर्गणीतून रुंद पट्ट्या, कात्री, हातमोजे, मोडलेल्या हाडाला बांधायच्या पट्ट्या, ब्लँकेट आणि चालू बॅटरी एवढं एका पेटीत ठेवा, आणि पेटीची किल्ली रात्री कुणाकडे असते ते सगळ्यांना माहीत असू द्या. जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे का, हे मृग लागायच्या आधी जाऊन विचारून या. ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर लावल्याशिवाय फडातून रस्त्यावर येऊ द्यायचं नाही, हे कारखान्याने नाही तर गावाने ठरवा. वाड्या-वस्त्यांवर गाडी कुठपर्यंत जाते आणि पुढे रुग्ण कशावरून आणायचा, ते आधीच चालून बघा. खाटेची झोळी केली तरी चालेल, फक्त मान सरळ राहिली पाहिजे. छाती दाबायचा सराव एकदा करून विसरला जातो. सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, आणि त्यात बायकांना बोलवा, कारण दुपारी गावात त्याच असतात.